बग्गीची मुलगी

शनिवारी सकाळी तुकोजीराव सियागंजातून परतले तेव्हा त्यांच्या एका हातात चामड्याच्या वाद्या होत्या आणि दुसऱ्या हातात एरंडेलाची बाटली. सत्तरी उलटून गेलेली, तरी टांगा न करता पायी आले होते, आणि ते घरात सगळ्यांना कळावं म्हणून दारातच मोठ्यानं खाकरले. यशोधरेपुरती त्या खाकरण्याची गरज नव्हती. गल्लीच्या तोंडाशी त्यांची काठी वाजली तेव्हाच तिनं चहाचं आधण ठेवलं होतं.

“आबा, एवढं ओझं घेऊन पायी कशाला यायचं?”

“ह्याला ओझं म्हणतेस?” त्यांनी वाद्या झोपाळ्यावर टाकल्या. “त्या दुकानदाराला सांगितलं, आमच्या नगाऱ्याला नव्या वाद्या लागून राहिल्यात. तर म्हणतो, कौन सा नगाड़ा दादासाहब, अब तो रेडियो लगाओ. बग्गीचा माणूस.”

हे त्या घराचं माप होतं. होळकर सरकारच्या पागेत तुकोजीरावांच्या आधीच्या पिढ्यांनी घोडी सांभाळली, त्यांनी स्वतःही सांभाळली. शिंगरू पुरेसं वाढलं की त्याच्या कानाशी नगारा वाजवायचे. जे जागचं हललं नाही ते रिसाल्यात, म्हणजे घोडदळात जायचं. जे बुजलं ते बग्गीला जुंपायचं. कुणा पूर्वजाच्या मनात आलं की माणसाचं पिल्लू काही वेगळं नसतं. तेव्हापासून घरातलं मूल तीन महिन्यांचं झालं की त्याला कापूस भरलेल्या जाड झुलीवर निजवायचं आणि उशाशी घोड्यावरचा लहान तांब्याचा नगारा वाजवायचा. मूल हललं नाही तर ते रिसाल्याचं. दचकलं, रडलं तर बग्गीचं. तिसरा प्रकार नव्हता, आणि एकदा ठरलं की जन्मभर त्यात बदल नव्हता.

पुढे घोडी गेली, पागा गेली, सरकार गेलं. चार वर्षांपूर्वी मध्य प्रदेश नावाचं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली, तेव्हा तुकोजीरावांनी अख्खं राज्यच बग्गीचं ठरवून टाकलं. नगारा मात्र माळ्यावर राहिला होता.

थोरला मुलगा उदयसिंह रिसाल्याचा. त्याच्या मागची यशोधरा बग्गीची. तो सातव्या वर्षी घोड्यावर बसला. तिला कधी बसवलं नाही. ‘तिला नको, ती बुजते.’ जत्रेच्या पाळण्यात नको, नदीच्या पाण्यात नको. स्थळं आली तेव्हा पाहुण्यांसमोरही आबा प्रामाणिकपणे तेच सांगत, मुलगी गुणी आहे, वाचन दांडगं आहे, जरा बुजरी आहे. पाहुणे चहा पिऊन परत जात. ती पुस्तकांत शिरली, कन्याशाळेत इतिहास शिकवू लागली. शाळेतल्या मुली तिला वचकून असतात हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. तिनंही ते सांगायचं कधी मनावर घेतलं नाही.

दुपारी उदयसिंह मिलमधून आला. सगळे ओसरीवर बसले. पोहे होते, वर शेव आणि जिरावणाचा मसाला. त्याची बायको मंगला बेबीला मांडीवर घेऊन खांबाला टेकली होती. लग्नानंतर फार वर्षांनी झालेली मुलगी. बारशाला चारुलता असं नाव ठेवलं होतं, पण हाक बेबीचीच होती. आतून पळी पडल्याचा आवाज आला आणि बेबीचे दोन्ही हात हवेत उडाले.

“फार दचकते हो मामंजी ही,” मंगला म्हणाली. “पुढच्या रविवारी नगारा नको म्हणते मी. थोडी मोठी होऊ द्या.”

“मोठी झाल्यावर काय कळणार? मग ती शिकून-सवरून वागेल. शिंगराचं असंच असतं. शिकवण्याआधी बघायचं असतं.”

“पण मूल बदलतं की. माझा भाऊ लहानपणी सावलीला भ्यायचा. आता महूच्या छावणीत आहे.”

“तुझ्या भावाचा नगारा कुठं झाला होता?” तुकोजीराव खूश होऊन हसले. “सूनबाई, माणूस बदलत नाही. ह्या दोघांकडेच बघ ना. ही आठ वर्षांची, हा बारा-तेराचा. छत्रीबागेच्या वळणावर टांग्याचं घोडं उधळलं. हा रस्त्याच्या मधोमध. ही जी किंचाळली, ह्याला धरून सरळ गटारात. आणि हा? मान वळवून पाहिलंसुद्धा नाही पठ्ठ्यानं. गटारातून उठला आणि हिलाच विचारतो, काय झालं. हो की नाही गं यशू?”

ही गोष्ट त्या घरात दर दिवाळीला, दर पाहुण्याला सांगितली जायची.

“हो आबा,” यशोधरा म्हणाली आणि चहा ओतायला लागली.

ती उदयसिंहाच्या डाव्या हाताला बसली होती. त्या गटाराच्या दिवसापासून ती त्याच्या डावीकडेच बसायची, डावीकडेच चालायची. घोड्याच्या टापा, टांगेवाल्याची आरोळी, सुटलेल्या चाकाची खरखर तिनं वळणाआधीच ऐकली होती, आणि हेही पाहिलं होतं की दादानं मान वळवायची टाळली नव्हती. त्याला वळवण्यासारखं काही ऐकूच आलं नव्हतं. डावीकडून कुणी बोललं की ती त्याच्या कोपराला हलकेच बोट लावायची. तो वळायचा. दोघं यावर एक अक्षर कधी बोलले नव्हते. मिलच्या मागखात्यात तो वीव्हिंग मास्तर होता. तिथं यंत्रांच्या धडधडीत कुणालाच काही ऐकू येत नाही, सगळे एकमेकांचे ओठ वाचतात, आणि त्या खात्यात दादापेक्षा भराभर ओठ वाचणारा दुसरा कुणी नव्हता. आबांना सांगायचं म्हणजे काय सांगायचं होतं? त्यांचा रिसाल्याचा मुलगा अर्धा बहिरा आहे, हे? ते त्या गोष्टीवर जगत होते.

संध्याकाळी त्यांनी नगाऱ्याच्या वाद्या आवळल्या, कातड्याला एरंडेल चोळलं आणि एक थाप मारून पाहिली. यशोधरा आतल्या खोलीत वह्या तपासत होती.

“बुजलीस?” त्यांनी बाहेरून विचारलं.

“नाही आबा.”

“बुजलीस. मला माहीत आहे.” मग थोड्या वेळानं, आवाज खाली आणून, “बरं आहे पण. रिसाल्याची असतीस तर कधीच निघून गेली असतीस. मग माझ्या काठीचा आवाज ऐकून चहा कुणी ठेवला असता?”

तिच्या हातातली लाल पेन्सिल वहीवर थांबली. आबांना ते कळत होतं. ती काठी ऐकते हे त्यांना एवढ्या वर्षांत दिसलं होतं, आणि तरीही त्यांनी त्याला नाव दुसरंच दिलं होतं. उठून बाहेर जावं, त्यांच्यासमोर बसावं आणि सांगावं असं तिला वाटलं. पण दुसऱ्या दिवशी रविवार होता, वेळच वेळ होता. तिनं पुढची वही ओढली.

रविवारी सकाळी आबांच्या खडावा वाजल्या नाहीत. घरात बाकीचे झोपेत होते. ती अंथरुणात उठून बसली आणि त्या न वाजलेल्या आवाजाकडे कान देऊन राहिली. मग उठून त्यांच्या खोलीत गेली.

*

आबांचे दिवस झाले. गोड जेवणाच्या दिवशी घर पुन्हा भरलं. देवासहून आत्याबाई आल्या होत्या त्या राहिल्याच होत्या. द्वारकाबाई तुकोजीरावांच्या थोरल्या बहीण, कमरेत वाकलेल्या पण आवाजात नाही. धाकटे काका संताजीराव जुन्या इंदुरातून सकाळीच आले. जन्मभर खजिन्यात कारकुनी केलेला माणूस, घरात कुणी मोठं बोलायला लागलं की पानाचा डबा उघडून बसायचा. थोरल्या भावाच्या माघारी आज पहिल्यांदाच त्यांना ओसरीवरच्या गादीवर मधोमध बसायला मिळालं होतं.

स्वयंपाकघरात मंगला पुऱ्या तळत होती. यशोधरा श्रीखंडाच्या वाट्या भरत होती.

“वन्सं,” मंगला पाठ न वळवता म्हणाली, “आत्याबाईंनी झूल उन्हात टाकलीय.”

“पाहिली.”

“जेवणं झाली की बेबीचा नगारा. ‘तुकोजीच्या मनात होतं’ म्हणतात. ह्यांना सांगितलं मी, नाही म्हणा. तर म्हणतात, आज नको म्हटलं तर बरं दिसणार नाही.”

“दादा बोलेल आयत्या वेळी.”

“नाही बोलायचे.” मंगलेनं पुरी उलटली. “रिसाल्याचा माणूस घाबरला असं होईल ना. आणि का घाबरतायत ते मला ठाऊक आहे. त्यांचा डावा कान लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच कळला मला. डावीकडून हाक मारली की भिंतीला मारल्यासारखी.”

यशोधरेनं वाटी खाली ठेवली. इतक्या वर्षांत त्या कानाबद्दल घरात कुणीतरी पहिल्यांदाच बोललं होतं.

“मग वहिनी, तुम्ही कधी…”

“तुम्ही तरी कधी?” मंगला वळली. तिचा चेहरा चुलीनं लाल झाला होता. “राग मानू नका. पण मी ह्या घरात आल्यापासून बघून राहिलेय. तुम्ही रोज अख्खा वर्ग सांभाळता. मिलमध्ये हरताळ झाली तेव्हा हे तीन रात्री आत अडकले, तर दरवाज्यावर जाऊन मॅनेजरशी तुम्ही बोललात. आणि घरी आल्यावर मामंजींनी काय विचारलं? बुजलीस का गं गर्दीत. तुम्ही म्हणालात, हो आबा, थोडी. माझ्या मुलीला मला ‘हो आबा, थोडी’ म्हणायला लावायचं नाही.”

तेलात पुरी करपली. दोघींपैकी कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं.

“सगळ्यांदेखत बोललं तर दादाची पगडी…” यशोधरा म्हणाली. “काका म्हणतील, बहिऱ्याला घर कसं सोपवायचं.”

“म्हणून मी गप्प आहे,” मंगला म्हणाली. “आणि म्हणून तुम्हालाच सांगतेय.”

*

जेवणाआधी मंगलेच्या माहेरच्यांनी उदयसिंहाच्या डोक्याला पगडी बांधली. केशरी रंगाची, तुरा सोडलेली. आबांच्या फोटोला त्यानं वाकून नमस्कार केला तेव्हा आत्याबाईंनी पदर डोळ्यांना लावला. जेवणं झाली. पानं लागली. आत्याबाईंनी ओसरीवर झूल अंथरायला सांगितली, आणि संताजीकाकांनी नगारा पुढ्यात ओढून घेतला. त्यांच्या बोटांना कातड्यावरचं एरंडेल लागलं, तसं त्यांनी ते धोतराला न पुसता नुसतंच बघितलं.

“आत्याबाई, आज राहू द्या का?” उदयसिंह म्हणाला.

“का राहू दे? रविवार तुकोजीच्या नशिबी नव्हता. आज सगळी भावकी आहे.” आत्याबाई त्याच्या डावीकडे बसल्या होत्या. तो समोर बघत राहिला. यशोधरेनं सवयीनं त्याच्या कोपराला बोट लावलं. तो वळला, पण आत्याबाई बोलून झाल्या होत्या.

“अरे भिया, आमच्या दादाची आखरी इच्छा,” काका म्हणाले. “त्यात एवढा काय विचार करून राहिलायस? तू तर रिसाल्याचा.”

पगडीखाली उदयसिंहाचा चेहरा घट्ट झाला. “ठीक आहे,” तो म्हणाला.

मंगलेनं बेबीला आणलं. आत्याबाईंनी तिला घेतलं, झुलीवर उजव्या कुशीला ठेवलं, गाल कापसात नीट बसवला. बेबी झुलीच्या मळलेल्या जरीकडे एकटक बघत होती. काकांनी नगाऱ्याचं टिपरू उचललं.

यशोधरा उठली, चार माणसांमधून वाट काढत पुढे गेली आणि बेबीला झुलीवरून उचलून घेतलं.

आत्याबाई हसल्या, आणि त्यांच्यामागून बाकीचे. “घ्या. नगारा पोरीचा आणि बुजली आत्या. अगं, तुझा होऊन गेला कधीच. ठेव तिला खाली.”

“ठेवते,” यशोधरा म्हणाली. शाळेत मागच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज तिनं घरात पहिल्यांदाच लावला होता. “आधी एवढं सांगा आत्याबाई. दादाच्या नगाऱ्याला तुम्ही होतात ना?”

“मीच ठेवला होता त्याला. ह्याच झुलीवर.”

“कोणत्या कुशीवर?”

“उजव्या. घोड्यावर डावीकडून चढतात, म्हणून डावं अंग वर ठेवायचं. आमच्याकडे कायमची रीत आहे ती.”

“आणि मला?”

“तुलाही उजव्याच. पण तू कुठली ऐकतेस. वळवळ करून उताणी झालीस, आणि टिपरू पडल्याबरोबर अशी किंचाळलीस की तुकोजीच्या हातून नगारा सुटला.”

पुन्हा सगळे हसले. उदयसिंह हसला नाही. तो बहिणीच्या ओठांकडे बघत होता, मिलमध्ये बघत असे तसा, एकही अक्षर न सोडता. यशोधरेनं आणखी काही म्हटलं नाही. पुढचं वाक्य तिचं नव्हतं. ते त्याचं होतं, आणि तो म्हणणार नसेल तर ती बेबीला घेऊन आत जाणार होती, दार लावणार होती आणि भावकीला काय बोलायचं ते बोलू देणार होती. एवढं तिनं ठरवलं होतं.

उदयसिंहानं दोन्ही हातांनी पगडी उतरवली. बहिणीच्या एका हातावर बेबी होती. त्यानं पगडी दुसऱ्या हातात दिली.

“काका, आधी माझा नगारा होऊ द्या,” तो म्हणाला.

“काय?”

“पुन्हा एकदा. रीतीप्रमाणे.”

आणि चाळिशीला आलेला, मिशा राखलेला वीव्हिंग मास्तर धोतर सावरून झुलीवर आडवा झाला, उजव्या कुशीवर. पाय झुलीच्या बाहेर फरशीवर गेले. त्यानं कान कापसात दाबला आणि डोळे मिटले. कुणीतरी तोंडाशी पदर नेला. माहेरच्या मंडळींत खसखस पिकली.

“हे काय बवाल लावलाय,” काका म्हणाले. पण त्यांनी आत्याबाईंकडे पाहिलं, आत्याबाईंनी मान हलवली, आणि त्यांनी टिपरू मारलं.

जन्मात पहिल्यांदा नगारा वाजवणाऱ्या माणसानं मारावं तसं मारलं. अंगणातल्या कडुलिंबावरचे कावळे उठले. शेजारच्या घरात मूल रडायला लागलं. यशोधरेच्या हातातली बेबी ताठ झाली आणि तिनं भोकाड पसरलं. काकांनी आणखी मारलं, मग आणखी.

उदयसिंह झुलीवर शांत पडला होता. मग डोळे न उघडता म्हणाला, “वाजवा ना काका. कधीचा वाट बघून राहिलोय.”

काकांनी हातातल्या टिपरूकडे पाहिलं, मग नगाऱ्याकडे.

तो उठून बसला, डोळे उघडून त्यानं सगळ्यांचे चेहरे पाहिले, मग दुसऱ्या कुशीवर वळला. डावा कान कापसात, उजवा वर. “आता,” तो म्हणाला. टिपरू पडलं आणि तो सरळ उठून बसला, कानावर हात ठेवून. “बाप रे. एवढा मोठा असतो होय.”

आधी हसली ती मंगला. तिचं हसू थांबेना, आणि त्यात रडूही होतं, पण कुणाला ते वेगळं करता आलं नसतं.

“हा कान जन्मापासून बंद आहे, आत्याबाई,” उदयसिंह डाव्या कानाला हात लावून म्हणाला. “आणि चांगला होता तो तुम्ही कापसात घातला होता. मी हललो नाही, कारण माझ्यापुरतं काही झालंच नव्हतं. टांगा आला तेव्हाही नाही. यशूनं ओढलं नसतं तर आज पगडी बांधायला डोकंच नसतं.”

“म्हणजे… बहिरा?” काका म्हणाले. त्यांची नजर यशोधरेच्या हातातल्या पगडीकडे गेली.

“अर्धा. पगडी त्यानं अडत असेल तर सांगा. घ्या आणि तुम्ही बांधा.”

त्याचा आवाज सरळ होता. यशोधरेनं त्याच्याकडे पाहिलं. सगळ्या भावकीसमोर झुलीवर मांडी घालून बसलेला, केस विस्कटलेले, कपाळावर पगडीचा वळ. आबांनी ह्याला शूर म्हटलं ते चुकीच्या कारणासाठी म्हटलं होतं, पण ते म्हणणं त्यानं अंगावर घेऊन खरं केलं होतं. आणि ती? ती मात्र खरोखरच झुलीवर होती तीच होती. वळवळ करून उताणी होणारी, दोन्ही कान उघडे ठेवणारी. ती अजिबात बदलली नव्हती. आबांचं म्हणणं तिच्यापुरतं अगदी बरोबर होतं. त्यांनी फक्त त्याला नाव चुकीचं दिलं होतं.

काकांनी पगडीवरची नजर काढली. टिपरू खाली ठेवलं, पुन्हा उचललं. “ताई,” ते आत्याबाईंना हळूच म्हणाले, “मीही रडलो होतो म्हणे. म्हणून मला खजिन्यात चिकटवलं. माझ्या वेळी काय झालं होतं?”

आत्याबाईंनी बराच वेळ आठवलं. “तुला पडसं झालं होतं,” त्या म्हणाल्या. “आणि भूक लागली होती. आईनं सांगितलं होतं, आधी पाजू द्या. पण मुहूर्त टळत होता.”

संताजीकाकांनी पानाचा डबा उघडला, आत बघितलं आणि बंद केला. “वा,” ते म्हणाले. “पडसं.” मग ते स्वतःच उठले, यशोधरेच्या हातातून पगडी घेतली आणि दोन्ही हातांनी उदयसिंहाच्या डोक्यावर ठेवली. जरा वाकडी बसली. त्यांनी ती सरळ केली नाही.

“मग आता हिला काय म्हणायचं?” आत्याबाईंनी बेबीकडे बोट केलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच म्हातारा वाटला. “रडली ती. मी ऐकलं.”

“तिला नाव आहे ना आत्याबाई,” मंगला म्हणाली. “चारुलता.”

बेबी आता रडायची थांबली होती. ओल्या डोळ्यांनी ती नगाऱ्याकडे बघत होती, आवाज आला तो कुठून हे शोधत. यशोधरेनं तिला मंगलेकडे दिलं आणि काकांच्या गादीपाशी पडलेलं टिपरू उचललं. कुणी तिला थांबवलं नाही. आत्याबाईंनी उलट आपले पाय आवरून तिला वाट दिली.

नगारा तिनं झुलीच्या उशाशी ठेवला, कारण रीत तशीच होती. समोरच्या भिंतीवर आबांचा फोटो होता, ताज्या हाराचा, त्याच्या खाली कोपऱ्यात त्यांची काठी अजून तशीच टेकवलेली. ते गेल्यापासून तिनं त्या काठीकडे बघायचं टाळलं होतं. आज बघितलं. मग हात उंच उचलला आणि मारला. आवाज ओसरीवरून अंगणात गेला, गल्लीच्या तोंडापर्यंत गेला असेल, आणि तिला त्यात कातड्याचा, तांब्याचा आणि आबांनी आवळलेल्या वाद्यांचा असे तिन्ही आवाज वेगवेगळे ऐकू आले. ती हलली नाही. तिनं पुन्हा मारला, आणि पुन्हा, हात भरून येईपर्यंत. कावळे परत झाडावर बसायला आले होते ते पुन्हा उडाले. उदयसिंह येऊन तिच्या शेजारी उभा राहिला. आज तो स्वतःहून तिच्या डावीकडे उभा होता, चांगला कान तिच्या बाजूला करून.

टिपरू खाली ठेवून ती फोटोकडे वळली. सगळे ऐकत होते. तिला त्याचं काही वाटलं नाही.

“आबा,” ती म्हणाली, “त्या दिवशी टांगा येत होता. मी बुजले नव्हते. मला ऐकू आलं होतं.”